गोल फिरायचे पैसे

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या गावात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरात, लोकांनी एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींचा सौदा. सगळ्यांनी मिळून बुकिंग केलं, बँकेनं कर्ज दिलं, देशभरच्या पेपरात बातमी आली. मी तेव्हा पुण्यात आयटीत होतो. एरवी मराठवाड्याचा म्हणलं की लोक पाण्याचं विचारायचे, त्या आठवड्यात मर्सिडीजचं विचारायला लागले, छाती जरा फुगली, खोटं कशाला बोला. पण मनात एकच प्रश्न यायचा की ह्या दीडशे गाड्या पळवणार कुठं? मोंढा नाक्यापासून सेव्हन हिल्सपर्यंत? मधे चार सिग्नल, दोन उड्डाणपूल आणि उलट्या बाजूनं येणारी रिक्षा. मित्राला विचारलं तर म्हणला, "पळवायला थोडीच घेतल्यात येड्या, लावायला घेतल्यात."

बरोबरच होतं त्याचं. पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तो माझाच प्रश्न होता. मला जोरात गाडी चालवायला आवडतं. आपल्याकडं हे उघड म्हणायची सोय नाही, म्हणलं की लोक आपल्याला समृद्धीवर १८० चा काटा दाखवत रील टाकणाऱ्या पोरांत मोजतात. आणि ती पोरं बघितली की मलाही भीतीच वाटते. तरी आवडतं. इंजिन वर चढत जातं तो आवाज, वळणात गाडी बसते तेव्हा पाठीला लागणारं सीट, हे आवडणं काही वाईट नाही असं माझं मत आहे, फक्त ते करायची जागा पाहिजे. आणि जागेच्या बरोबर अजून एक गोष्ट पाहिजे, तिच्याकडं नंतर येतो.

कंपनीनं ऑनसाइट पाठवलं, न्यू जर्सीत काही वर्षं राहिलो. तिथं ऑफिसातल्या एकाकडून कळालं की आपली रोजची, ऑफिसला न्यायची गाडी घेऊन रेस ट्रॅकवर जाता येतं. रेस नसते. घड्याळ लावायचं नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. सकाळी मीटिंग, मग वर्ग, मग वीस-पंचवीस मिनिटांची एकेक पाळी, नवशिक्यांच्या शेजारी शिकवणारा बसतो, संध्याकाळी आपापल्या घरी. फी तीन-चारशे डॉलर, आणि टायर-ब्रेक झिजतात ते वेगळं. फोनवर अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे वडील, गंगाखेडला शाळेत गणित शिकवायचे. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी पैशे भरून गोल फिरायचं अन् परत तिथंच यायचं?"

हो. म्हणजे तेच.

अण्णांना मी त्यावेळी नीट सांगू शकलो नाही, पण नंतर ह्या गोल ट्रॅकांचा इतिहास वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की गोल फिरायची पद्धत पडलीच मुळी रस्त्यावर पळवायची सोय नव्हती म्हणून. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्यानं रस्त्यावर ताशी २० मैलाची, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरची मर्यादा घातली. गाड्या बनवणारे वैतागले, फ्रान्सवाले पुढं चालले होते. मग ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदारानं सरे परगण्यात स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या पैशानं सिमेंट काँक्रीटचा अंड्याच्या आकाराचा ट्रॅक बांधला, ब्रुकलँड्स, १९०७. लांबी सव्वाचार किलोमीटरच्या पुढं, आणि वळणाच्या कडा जवळजवळ तीस फूट उंच उचललेल्या. उद्घाटनाच्या महिन्यातच एस. एफ. एज नावाच्या माणसानं नेपियर गाडी तिथं एकट्यानं २४ तास चालवली, सरासरी ताशी शंभर किलोमीटरच्या वर. १९०७ साली! बाहेरच्या रस्त्यावर ३२ च्या पुढं गेला असता तर दंड झाला असता.

अमेरिकेत इंडियानापोलिसचा ट्रॅक १९०९ चा, तो कार्ल फिशरनं काढला तेव्हा त्याच्या डोक्यात तिथल्या गाडी कारखान्यांना टेस्टिंगला जागा हा विचार होता. पहिल्यांदा खडी-डांबर टाकलं, ते उखडलं, माणसं मेली, मग त्याच वर्षी ३२ लाख विटा बसवल्या. आता डांबर आहे, फिनिश लाइनला एक यार्ड रुंद विटांची पट्टी तेवढी ठेवलीय. चार वळणं, प्रत्येकाचा बाहेरच्या कडेकडून आत असा उतार ९ अंश १२ मिनिटं. तिकडच्याच डेटोनाच्या ट्रॅकला तोच उतार ३१ अंश आहे, टॅलडेगाच्या ट्रॅकला ३३, तिथं पायी चढायला गेलं तर हात टेकावे लागतात.

वाळूजला किंवा शेंद्र्याला, म्हणजे आमच्या इथल्या एमआयडीसींत, नोकरी केलेल्या माणसाला ह्यातलं टेस्टिंगचं लगेच कळतं. आमच्याकडं वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, स्कोडाची ऑक्टाव्हिया २००१ पासून शेंद्र्यात जुळायला लागली, सस्पेन्शन, ब्रेक, क्लच बनवणारे तर गल्लोगल्ली. म्हणजे देशभरच्या गाड्यांचे सुटे भाग आम्ही करणार आणि त्या भागांना शेवटपर्यंत ताण देऊन बघायची गुळगुळीत जागा आमच्या जिल्ह्यात सामान्य माणसाला कुठंच नाही. मोठा ओव्हल, म्हणजे लांबट गोल ट्रॅक, बघायचा तर इंदूरजवळ पिथमपूरचा नॅट्रॅक्स, ११.३ किलोमीटरचा, २०२१ च्या जूनमध्ये उद्घाटन झालं, आशियात सगळ्यात लांब. तो मुळात कंपन्यांसाठी आहे. मी एकदा धुळ्याहून इंदूरकडं जाताना फक्त लांबून बघायला म्हणून तिकडं गाडी वळवली होती. कंपाउंड दिसलं. बायको म्हणली झालं का समाधान.

असो. पोकोनोचं सांगतो.

न्यू जर्सीहून दोनेक तास, पेन्सिल्वेनियाच्या डोंगरात. पोकोनो रेसवे अडीच मैलाचा पण गोल नाही, तिकोनी आहे, तीन वळणं आणि तिन्ही वेगळी. पहिल्याचा उतार १४ अंश, दुसऱ्याचा ८, तिसऱ्याचा ६. तीन वेगवेगळ्या जुन्या ट्रॅकांची वळणं डोळ्यासमोर ठेवून केलीत. त्यामुळं रेसवाल्यांचीही पंचाईत होते, एका वळणाला गाडी बरोबर बसवली की दुसऱ्याला रुसते. हौशी लोकांना बहुतेक क्लब पूर्ण ओव्हल देत नाहीत, ओव्हलचा उतारवाला भाग आणि मैदानातले आतले वळणावळणाचे रस्ते जोडून एक फेरा करतात. असल्या जोडट्रॅकला तिकडं रोव्हल म्हणतात. कारण साधं आहे, ओव्हलवर बाहेरच्या बाजूला माती-गवत काही नसतं, सरळ भिंत. २००२ पासून त्या भिंतींना स्टीलच्या नळ्या आणि मागं फोम असले झटका खाणारे कठडे लावायला लागलेत, पण भिंत ती भिंत.

सकाळी आधी गाडीची तपासणी. चाकाचे नट टॉर्क रेंचनं (किती घट्ट ते मोजणारा पाना), ब्रेक पॅड किती उरलेत, बॅटरी हलते का, डिकी रिकामी, पायातलं मॅटसुद्धा बाहेर. जे सुटं आहे ते वळणात उडून पॅडलखाली जाऊ शकतं हे कारण. माझ्या डॅशबोर्डवर गणपती होता, इकडून नेलेला. तपासणाऱ्या बाईनं दोन बोटात धरून गणपती हलवून बघितला, हलला नाही, पास. ब्रेक ऑइल कधी बदललं हे मात्र कागदावर लिहून पाहिजे होतं. हे मला आधी कळेना, ऑइल भरलेलं असलं की झालं ना. तर तसं नाही, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट ४ ह्या प्रकारचं नवीन ब्रेक ऑइल किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यालेलं असलं की ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते, आणि ट्रॅकवर लागोपाठ ब्रेक मारले की तेवढी उष्णता सहज होते. उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, पॅडल फरशीला टेकतं आणि गाडी जातच राहते. आमच्या इकडं घाटात असं झालेल्या गाड्यांना लोक "ब्रेक फेल" म्हणून सोडून देतात, का फेल हे कुणी विचारत नाही.

शेजारी बसलेला म्हातारा सत्तरीचा असंल. हे शिकवणारे लोक बहुतेक बिनपगारी, बदल्यात त्यांना स्वतःची गाडी फुकट फिरवायला मिळते. हेल्मेटमधे माइक. पहिल्या पाळीला त्यानं मला वेग वाढव असं एकदाही म्हणलं नाही, सारखा एकच विषय, बघतोयस कुठं? मी बॉनेटच्या पुढं बघत होतो, आपण सगळे बघतो तसं. उतारावर वळताना रस्ता पुढं नसतो, वर असतो. म्हणजे समोरच्या काचेतून बघितलं तर फक्त डांबराचा राखाडी पडदा दिसतो, जायचा रस्ता काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कुठंतरी असतो आणि मान वाकडी करून तिथं बघावं लागतं. एकदा नजर तिथं गेली की हात आपोआप कमी हलायला लागले. हे मला आजही पूर्ण कळालेलं नाही, की डोळे लांब गेले तर हात शांत का होतात. पण होतात.

दुसरा विषय एक्सलेटर सोडायचा. आपण इथं वळणात घाबरलो की पहिलं काय करतो, एक्सलेटरवरचा पाय उचलतो. तो म्हणला वळणाच्या आधी काय सोडायचं ते सोड, ब्रेक मारायचा तो सरळ रस्त्यावर मारून घे, पण एकदा वळणात शिरलास की पाय हलवायचा नाही. झटक्यात पाय काढला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात, शेपटी सुटते, आणि शेपटी सुटली की ओव्हलवर पुढं भिंत आहे. सरळ पट्टा ३७४० फुटाचा, माझी साधी हॅचबॅक त्याच्या शेवटी १९० च्या आसपास जायची (रेसवाले तिथं ३२० च्या वर असतात), मग ब्रेक, मग त्या १४ अंशात. आणि तिथं शरीराला जे होतं ते लिहायला अवघड आहे. सपाट वळणात माणूस बाजूला फेकला जातो, इथं माणूस खाली दाबला जातो. सीटमधे रुततो. स्प्रिंगा बसतात, गाडी जड होते, आणि जड झाल्यामुळंच रस्त्याला जास्त धरते. डोकं म्हणत असतं की निसटणार, आणि बुडाला कळत असतं की नाही निसटत.

अण्णांना हे गणितात सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांना रस आला. सपाट रस्त्यावर गाडीला आत वळवायचं सगळं काम टायरच्या घर्षणावर. रस्ता तिरका केला की रस्ता गाडीला जो वर रेटा देतो त्यातला काही हिस्सा आतल्या बाजूला वळतो. ठराविक त्रिज्येला आणि ठराविक कोनाला एक वेग असा येतो की घर्षण लागतच नाही, स्टिअरिंग सरळ ठेवलं तरी गाडी वळत राहते. इटलीत नार्दो नावाचा साडेबारा किलोमीटरचा पूर्ण गोल ट्रॅक आहे, त्याच्या सगळ्यात बाहेरच्या लेनमधे हा वेग २४० आहे. अण्णांनी पाठकोऱ्या कागदावर टॅन थीटा काढला, त्रिज्या घातली, उत्तर जुळलं. मग म्हणले, "मग माळेगावला काय वेगळं हाय?"

तिथं मी गप्प झालो, कारण हे मला सुचायला पाहिजे होतं. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, मार्गशीर्षात भरते, घोड्या-गाढवांचा बाजार, तमाशाचे फड, आणि मौत का कुआँ. लहानपणी चुलत्यांचं बोट धरून त्या फळ्यांच्या जिन्यावरून वर चढायचो. खाली विहिरीत मारुती ८००, दोन मोटारसायकली. आधी तळाला गोल, मग खालच्या तिरक्या भागावरून, मग सरळ उभ्या भिंतीवर. फळ्या अशा थरथरायच्या की दात वाजायचे. वर आल्यावर पोरगा हँडल सोडून लोकांच्या हातातली दहाची नोट घेऊन जायचा. ती खालची तिरकी पट्टी म्हणजेच ट्रॅकच्या वळणाचा उतार, ज्याला तिकडं बँकिंग म्हणतात, तिच्याशिवाय सपाटीवरून भिंतीवर जाताच येत नाही.

आणि हे नातं नुसतं दिसायला नाही, खरंच एका घरातलं आहे. अमेरिकेत १९१० पासून लाकडी फळ्यांचे रेस ट्रॅक निघाले, पहिला लॉस एंजेलिसजवळ प्लाया डेल रे इथं. सायकलींच्या लाकडी ट्रॅकवरून कल्पना. मग मोटारसायकलींसाठी छोटे आणि जास्त जास्त उभे. १९११ ला न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत तसला एक छोटा मोटरड्रोम आला, पुढं पाच-सहा वर्षांच्या आतच भिंती पार काटकोनात उभ्या झाल्या आणि तो खेळ जगभरच्या जत्रांत फिरत फिरत आपल्याकडं पोचला. मोठ्या फळ्यांच्या ट्रॅकांचं मात्र वाईट झालं. न्यू जर्सीतच, नेवार्कला, मी जिथून ट्रेन बदलायचो त्या शहरात, ८ सप्टेंबर १९१२ ला एडी हाशा नावाच्या रायडरची मोटारसायकल कठड्यावर गेली, तो गेला, दुसरा एक रायडर गेला, वरून वाकून बघणारे प्रेक्षक गेले. पेपरवाले त्या ट्रॅकांना मर्डरड्रोम म्हणायला लागले. माळेगावला आम्ही जिथं वाकून उभे राहायचो तीच जागा.

आता ती अजून एक गोष्ट. पोकोनोच्या सकाळच्या मीटिंगमधे झेंडे सांगितले, पिवळा म्हणजे पुढं गडबड आहे, काळा तुमच्याकडं रोखला की आत या, वगैरे, पण सगळ्यात जास्त वेळ घेतला तो ओव्हरटेकनं. नियम असा की मागच्यानं कितीही वेगात असला तरी पुढच्याच्या परवानगीशिवाय पुढं जायचं नाही. आणि पुढच्यानं ती द्यायची, अडवून धरायचं नाही. सरळ पट्ट्यावर पुढचा खिडकीतून हात काढतो, ज्या बाजूनं जायचं त्या बाजूला बोट दाखवतो, थोडा वेग कमी करतो, मागचा जातो. त्याला पॉइंट-बाय म्हणतात. प्रत्येक गाडीला वेगळा हात, मागं तीन गाड्या असल्या तर तीनदा हात. नवशिक्याच्या गटात वळणात ओव्हरटेक नाहीच. म्हणजे शंभर-दीडशेच्या वर धावणाऱ्या गाड्यांचं सगळं एका माणसाच्या बाहेर काढलेल्या हातावर चालतं.

तो हात मी आधी बघितलेला होता. परभणी-गंगाखेड रस्ता एकपदरी होता त्या काळात लाल डब्याचा ड्रायव्हर पुढचं मोकळं दिसलं की उजवा हात बाहेर काढून पंजानं पुढं ढकलल्यासारखं करायचा, या, निघा. आणि समोरून ट्रक येत असला की तोच हात खाली दाबायचा, थांब जरा. ट्रकवाल्यांचा क्लीनर डाव्या बाजूनं पत्रा वाजवून ड्रायव्हरला सांगायचा. मागच्याला पुढचं दिसत नाही, पुढच्याला दिसतं, म्हणून पुढच्यानं सांगायचं. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना, किंवा शिकवलंही असंल, डेपोतल्या एखाद्या जुन्या माणसानं. रस्ते चारपदरी झाले, सगळ्यांच्या काचा एसीमुळं बंद झाल्या आणि हात आत गेले. आता मागून डिपर मारत येतात आणि पुढचा मुद्दाम सरकत नाही, त्याला तो अपमान वाटतो. मला तर वाटतं आपल्याकडच्या निम्म्या वेगाचं कारण पुढं जायची घाई नसतेच, मागं राहायची लाज असते. पोकोनोला माझ्या छोट्या गाडीनं कितीतरी लोकांना हात दाखवून पुढं घातलं आणि संध्याकाळपर्यंत त्यात काही वाटेनासं झालं, उलट आरशात लवकर बघून वेळेवर हात काढला की शेजारचा म्हातारा खूश व्हायचा.

हे सगळं गोड गोड नव्हतं, हेही लिहितो. २०१६ च्या एप्रिलमधे तिकडं मोसम सुरू व्हायच्या बेतात होता, मी नवे टायर मागवले होते, आणि फोनवर लातूरच्या पाण्याच्या रेल्वेचे व्हिडिओ येत होते. मिरजेहून निघालेली गाडी, दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. माझी मावसबहीण लातूरला, तिच्या कॉलनीत टँकरसाठी नंबर लावून घागरी. आणि मी फेऱ्या मारण्यासाठी टायर घेतोय. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही हिशोब लागत नाही हे मला कळतं, मी नसतो गेलो तर लातूरला थेंब जास्त आला नसता. तरी बहिणीला त्या महिन्यात फोन केला तेव्हा शनिवारी काय करायलास असं तिनं विचारलं आणि मी म्हणलं काही नाही, घरीच आहे.

परत आलो. आता इथल्याच एका कंपनीचं काम करतो आणि शेंद्र्यात जुळलेली जुनी ऑक्टाव्हिया चालवतो. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, आता मुंबईपर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर. रस्त्याची आखणी १५० च्या वेगाची, गाड्यांना परवानगी १२० ची. रस्ता उत्तम आहे, ह्यात वाद नाही, जालन्याहून नागपूर म्हणजे पूर्वी दिवस जायचा. पण ज्या माणसानं आयुष्यात ८० च्या वर गाडी नेली नाही त्याच्या हातात एका सकाळी हा रस्ता आला. शेजारी कुणी नाही. टायर किती जुने, हवा किती, डिकीत काय सुटं, ब्रेक ऑइल कधीचं, कुणी विचारणार नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस जळाली, २५ माणसं गेली, त्यानंतर थोडे दिवस टायर तपासणी, समुपदेशन असं काय काय चाललं. मी रात्री त्या रस्त्यानं जातो तेव्हा मागून येणाऱ्या दिव्यांवरून वेग ओळखायचा प्रयत्न करतो, आणि खिडकीतून हात काढायचं मनात येतं, पण अंधारात काढलेला हात कुणाला दिसणार, आणि दिसला तरी अर्थ कोण लावणार.

मित्रांशी ह्यावर वाद होतो. त्यांचं म्हणणं हे सगळं पैसेवाल्यांचं खूळ आहे. आहेच. भारतात ट्रॅक म्हणजे कोइम्बतूरचा करी, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा, ग्रेटर नोएडाचा बुद्ध, जिथं २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झालं आणि मग बंद पडलं. आमच्याकडून गाडी ट्रेलरवर घालून कोइम्बतूरला न्यायचा खर्च कुणाला परवडणार. पण मी ट्रॅक मागतच नाहीये. चार एकर डांबर, थोडं पाणी मारायची सोय (उन्हाळ्यात नको, मान्य), एका कडेला जरा उतार दिलेलं वळण, आणि शेजारच्या सीटवर बसायला तयार असलेली पाच-सहा जुनी माणसं. लायसनच्या टेस्टला आपण आठचा आकडा काढतो पहिल्या गिअरमधे. पूर्ण दाबलेला ब्रेक कसा लागतो, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) पायाखाली थरथरतं ते कसं वाटतं, हे बहुतेक लोकांना आयुष्यात पहिल्यांदा कळतं ते खऱ्या अपघाताच्या वेळी.

भाची इंजिनिअरिंगला आहे, तिला गाडी शिकायची होती. रविवारी शेंद्रा एमआयडीसीत आत गेलं की रुंद रिकामे रस्ते मिळतात, प्लॉट पडलेले. पाण्याच्या बाटल्या अर्ध्या भरून ठेवल्या, त्यांच्यामधून वळायचं. ४० च्या वर नाही. मी शेजारी बसून तेच तेच म्हणतो, बघतेस कुठं, बाटलीकडं बघू नको, बाटलीच्या पलीकडं बघ. ती म्हणली, "मामा, ह्याला लायसनला मार्क आहेत का?"

मागच्या वेळी एका बंद कंपनीचा वॉचमन आला हटकायला. साठीचा, डोक्याला मफलर, काठी. हे काय लावलंय, साहेब बघतील. मी सांगितलं पोरगी शिकायलीय. तो काठीवर हात ठेवून दोन-तीन फेऱ्या बघत उभा राहिला, मग काचेपाशी येऊन तिला म्हणाला, "ताई, वळणात ब्रेक नका मारू. आधी मारून घ्या." मी विचारलं तुम्ही चालवायचे का? तर दुष्काळात पाण्याचा टँकर चालवायचा, जालन्याच्या पुढं मंठ्याकडं, दिवसाला जमतील तेवढ्या खेपा. भरलेला टँकर गुणी असतो म्हणला, रिकामा पण गुणी, अर्धा भरलेला लई बेकार, वळणात ब्रेक मारला की आतलं पाणी पुढं-बाजूला असं येतं की टँकर तुम्हाला घेऊन जातो. "एका गावात अर्धा खाली करायचा अन् उरल्याला पुढच्या गावात, म्हंजी रोजच अर्धा टँकर." मग त्यानं काठी आमच्या बॉनेटवर आडवी ठेवली आणि वजन कसं सरकतं ते हाताच्या पंजानं दाखवत बसला, भाचीनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून ऐकायला लागली. पुढच्या रविवारी या म्हणला, सुपरवायझर सुट्टीवर आहे, पण बाटल्या लांब लांब ठेवा, एवढ्या जवळ वळायला ही काय रिक्षा आहे का.